मदत हवी आहे: बॉम्बे ब्लड ग्रुपच्या मुलाचं कवटीचं ऑपरेशन, सेल सेव्हरचा अनुभव कोणाला आहे का?

मंडळी, माझ्या भाच्यासाठी विचारतेय. वय ६, वजन १८ किलो. लालबागला चाळीच्या जिन्यावरून पडला, डोक्यात रक्त साकळलं. मेंदूची सूज उतरेपर्यंत कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलाय. आंघोळीच्या वेळी तो उंचवटा चाचपतो आणि ताईला सांगतो, "माझं डोकं इथे आहे." आता तो तुकडा परत बसवायचाय.

अडचण रक्ताची आहे. पहिल्या वेळी गट ओ आला, पण रक्तपेढीत एकही पिशवी जुळेना, दर नळीत गुठळ्या. मग कळलं, बॉम्बे ग्रुप. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच शोधलेला. ओ गटात असतो तो एच अँटिजनही (तांबड्या पेशींवरची एक खूण) यांच्या रक्तात नसतो, म्हणून ओचं रक्तही चालत नाही. दोन पिशव्यांसाठी ताई-भावोजी रात्रभर फोन करत होते.

या वेळी भूलतज्ज्ञ सेल सेव्हरबद्दल बोलले: जखमेतलं रक्त ओढून, सलाइनने धुऊन, तांबड्या पेशी त्यालाच परत द्यायच्या. पण त्याच्या अंगात सगळं मिळून सव्वा ते दीड लिटर रक्त. एवढ्याशा मुलाला मशीनचा उपयोग होतो का? सेटचा खर्च वाया जाईल का? कोणी आपल्या मुलासाठी वापरलंय का?

प्रतिसाद
ताई, मी ओटी टेक्निशियन आहे. लहान मुलांसाठी छोटा बाऊल (मशीनमधलं रक्त फिरवून धुण्याचं भांडं) मिळतो, तो आहे का हे आधीच विचारा. मोठा बाऊल भरेपर्यंत मुलाचं बरंच रक्त गेलेलं असतं. खर्चाचं म्हणाल तर आधी फक्त जमा करायचं भांडं लावता येतं, पुरेसं साठलं तरच धुण्याचा सेट उघडायचा. जखमेत बीटाडीन किंवा पेरॉक्साइडसारखं जंतुनाशक ओतलं की ते सेल सेव्हरच्या नळीने ओढत नाहीत, वेगळं सक्शन लावतात. जखमेत पू असेल तर बहुधा वापरणारच नाहीत. आणि धुताना प्लेटलेट, गोठवणारे घटक निघून जातात, परत येतात त्या फक्त तांबड्या पेशी. त्यामुळे मशीन असलं तरी बॉम्बे ग्रुपचे दाते तयार ठेवाच. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडबद्दलही विचारा.

धागाकर्ती
खूप आभार. ताईला आत्ताच वाचून दाखवलं, तिने छोट्या बाऊलचं फाइलवर लिहून घेतलंय. मागच्या वेळच्या दोन्ही दात्यांना आज रात्री फोन करतो.