पेटीचा हात असलेल्याला कुठला अरेंजर? ई४७३ की एसएक्स६००

पेटीकर, फोंडा:
भजन, चवथीच्या आरत्या आणि जत्रेतली नाटकं, यासाठी अरेंजर (ताल-साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड) घ्यायचाय. बजेट ४० हजारांच्या आसपास. यामाहाचा पीएसआर-ई४७३ बसतो. ताणून त्यांचाच एसएक्स६०० घेतला तर पट्ट्या खरंच चांगल्या मिळतात का?

साथीदार, म्हापसा:
पट्ट्यांसाठी म्हणून ताणू नका, बाब. दोन्हीकडे ६१ हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्याच आहेत. जास्तीचे पैसे जातात आवाजांत (८२०ऐवजी ८५०), स्टाइल्समध्ये, म्हणजे तयार तालसाथीत (२९०ऐवजी ४१५) आणि पॉलिफनीत, म्हणजे एकावेळी वाजू शकणाऱ्या स्वरांत (६४ऐवजी १२८). स्टाइल चालू असताना ड्रम, बेस, कॉर्डही त्या ६४ मधूनच खातात. वर पेडल दाबून स्ट्रिंग्ज धरल्या की आधीचे स्वर तुटायला लागतात. नाटकाच्या पार्श्वसंगीतात हे जाणवतं, भजनात नाही.

दुकानात पांढरी पट्टी काळ्यांच्या मधे, अगदी आत दाबून बघा. बिजागरीजवळ ती जड होते, आणि काळी-पांढरी मिसळून ताना घेताना बोटं तिथेच पडतात.

काळी दोन, डिचोली:
टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होणं) ‘फिक्स्ड’, म्हणजे आवाज कायम सारखा, करून आणि ‘मीडियम’वर, दोन्ही वाजवून बघा. पेटीत जोर भात्याचा असतो, बोटाचा नाही. त्यामुळे पेटीचा हात मीडियमवर तान घेतो तेव्हा एक स्वर दणकन, दुसरा दबलेला. अनेकजण याचा दोष पट्ट्यांना देतात. पेटीच्या आवाजाला फिक्स्ड, पियानोला मीडियम.

दुरुस्तीवाला, मडगाव:
जुना घेणार असाल तर आवाज कमी ठेवून प्रत्येक पट्टी हळू आणि समान जोरात दाबा. पट्टीखाली रबराचे दोन कार्बन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. आपल्या दमट हवेत धूळ त्यावर चिकटून बसते. पहिला मळला की तो उशिरा लागतो, वेळ कमी भरतो आणि स्वर एकदम मोठ्याने फुटतो. दुसरा मळला की स्वर येतच नाही.

उपाय: रबराची पट्टी काढून संपर्क आणि खालचा बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. तेल, स्प्रे, पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बन निघून जातो. बसवताना रबराची प्रत्येक खुंटी भोकात पूर्ण शिरली पाहिजे, नाहीतर तीच पट्टी अडकते. अशा दोन-तीन पट्ट्या असतील तर भाव पाडून खुशाल घ्या. बोर्डावरच हिरवा गंज दिसला तर सोडून द्या.