गरजांची पाहणी : अर्ज ज्येष्ठांनीच भरावा

नमस्कार मंडळी,

पुढच्या पाच वर्षांत सेवानिधी कुठे खर्चायचा हे ठरवण्यासाठी आपल्या शहराने रहिवाशांच्या गरजांची पाहणी सुरू केली आहे. १९७४ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून शहरांना सीडीबीजीचे, म्हणजे मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या विकास-अनुदानाचे, पैसे येतात. त्यातले जास्तीत जास्त १५ टक्के सेवांवर घालता येतात : ज्येष्ठांची ने-आण, जेवण, समुपदेशन वगैरे. बाकीचे घरं, रस्ते, इमारतींकडे जातात. पैसा थोडा आणि मागणारे फार, त्यामुळे पाहणीत जी गरज दिसत नाही ती यादीत येत नाही. घरातल्या ज्येष्ठांकडून अर्ज भरून घ्या. त्यांच्या वतीने तुम्ही भरू नका.

— मराठी मंडळाची ज्येष्ठ समिती

* * *

ताई, नमस्कार.

समितीचं पत्र वाचलं. मनातलं सांगतो. दर रविवारी मी फूड बँकेत पिशव्या भरायला जातो, तिथली रांग बघतो. हा पैसा त्या लोकांचा, भाडं थकलेल्या कुटुंबांचा. आपल्याकडे घरं आहेत, पगार आहेत. आपण तिथे हात पसरावा हे मला पटत नाही. आमच्याकडे अर्ज आला तेव्हा मी सगळीकडे ‘गरज नाही’वर खूण करून पाठवून दिला.

* * *

दादा,

रांगेतल्या माणसाचा घास आपल्याला नकोच आहे. पण ‘गरज नाही’ ही खूण तुम्ही केलीत. आईंना विचारलंत का?

मागच्या महिन्यात मी आपल्यातल्याच एका घरी गेले होते. मुलगा-सून कामावर. आजोबा जेवणाच्या टेबलाशी बसून सुरीने रक्तदाबाची गोळी अर्धी करत होते. गोळीचा चुरा झाला तो त्यांनी बोटाने टिपून घेतला. पुण्याहून जूनपर्यंत कोणी येणार नाही, तोवर डबी पुरवायची. म्हणाले, “पोराला सांगू नकोस, त्याच्यामागे कमी व्याप आहेत का?” त्यांना ग्रीनकार्ड मिळून दोनच वर्षं झालीत. इथे नोकरी केलेली नाही, तेव्हा सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकतसुद्धा घेता येत नाही. त्या घराचं उत्पन्न बघून हे कुणाला कळणार?

सीडीबीजीच्या नियमात याची जाण आहे. ६२ च्या पुढच्यांसाठी चालवलेल्या सेवेला सहसा उत्पन्नाचे दाखले मागत नाहीत, त्यांना गरजू धरूनच चालतात. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमधून सीनियर सेंटरमध्ये दुपारचं जेवण मिळतं, तेही साठीच्या पुढच्या माणसाला उत्पन्न न विचारता. पैसे ऐच्छिक. मग आपल्या आज्या तिथे का दिसत नाहीत? बस कुठली घ्यायची ते विचारायला भाषा नाही, आणि पोचल्यावर बोलायला माणूस नाही. शहराकडे मागायचं ते एवढंच : आठवड्यातून एक दिवस गाडी आणि मराठी समजणारं कोणीतरी. मंडळाला एक डॉलरही नको.

हे आकड्यांतून आपोआप वर येणार नाही. जनगणना खात्याच्या भाषांच्या नेहमीच्या तक्त्यात हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगालीला आपापली ओळ आहे. मराठी मात्र नेपाळी आणि इतर भाषांबरोबर एकाच ओळीत. त्या ओळीवरून आपल्या आज्या किती, ते शहराने कसं ओळखावं? आपणच सांगायला हवं.

* * *

ताई,

काल जेवणं झाल्यावर आईसमोर बसून एकेक प्रश्न मराठीत वाचला. घर, जेवण, दवाखाना, सगळ्याला तिचं एकच, “आहे रे सगळं.” मग विचारलं, घरच्यांशिवाय कुणाशी शेवटचं कधी बोललीस? बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, “संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.” एप्रिल अर्धा संपलाय. मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो.

अर्ज पुन्हा भरता येतो का, शहराला विचारून कळवा. येत नसेल तर तिचं म्हणणं पत्रात लिहून पाठवतो. या निधीवरच्या शहराच्या जाहीर सुनावणीला ती मराठीत बोलायला तयार आहे, मी शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगेन.

शनिवारी दहा वाजता अर्ज भरायला वाचनालयात जमू या. माझी गाडी सात जणांची आहे. आईला पुढे बसवतो, म्हणजे मागे पाच जागा राहतात. ज्यांना घ्यायला यायचं त्यांनी पत्ता मला वेगळा पाठवा, मंडळाच्या ईमेल लिस्टवर टाकू नका.