मदत हवी आहे: हॅमस्टर गारठून निपचित पडलाय, झोपलाय की गेला, कसं ओळखायचं?

नमस्कार. ग्वाल्हेरहून लिहितेय. लष्कर भागातलं आमचं जुनं घर, जाड भिंती, वर उंच छत. जानेवारीत आत बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो. काल रात्री लाईट गेली, त्यामुळे रूम हीटर बंद पडला. बाहेर इतका कोहरा होता की समोरचं घर दिसत नव्हतं. सकाळी लेकीच्या हॅमस्टरचा, लाडूचा पिंजरा उघडला तर तो कागदाच्या तुकड्यांत गोळा होऊन पडलेला. हाक मारली, बोट लावलं, हालचाल नाही. अंग फरशीसारखं थंड.

लाडू सीरियन जातीचा, सोनेरी रंगाचा, 14 महिन्यांचा. कालपर्यंत खाणंपिणं व्यवस्थित होतं. उचलला तर अंग कडक नाही, पाय सैल लोंबतायत. नाकापाशी चमचा धरला, वाफ आलेली दिसली नाही. सासरे म्हणतात, "गेला तो, मागच्या अंगणात पुरून टाकू, पोरगी शाळेतून यायच्या आत." माझा हात धजत नाहीये. इथल्या जनावरांच्या एका डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आम्ही गाई-म्हशी आणि कुत्री बघतो. कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा. लेक दीडला येते.

प्रतिसाद:
ताई, पुरू नका! थंडीत हॅमस्टर असे पडतात. अंगाची ऊब जवळजवळ खोलीइतकी उतरते. एरवी मिनिटाला तीनशे-चारशे वेळा धडधडणारं काळीज काही मोजक्या ठोक्यांवर येतं आणि दोन श्वासांमध्ये मिनिटभर किंवा जास्त खंड पडतो. म्हणून चमच्यावर वाफ दिसली नाही याला काही अर्थ नाही. मूळचे हे सीरियातल्या अलेप्पोच्या बाजूचे, तिथला हिवाळा कडक असतो, ती सवय रक्तात आहे.

अंग सैल आहे ही आशेची खूण आहे. मेलेलं जनावर काही तासांत ताठतं. पण फक्त त्यावर भरवसा नको, कारण तो ताठपणा नंतर जातोही. डोळे खोल जाणं, वास येणं, पोट हिरवट पडणं, हे दिसलं तरच संपलं समजा.

आता त्याला कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून ओंजळीत धरा, खोली हळूहळू उबदार करा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. हीटरसमोर, हेअर ड्रायरखाली धरू नका, गरम पाण्यात तर अजिबात नाही. बेशुद्ध असताना तोंडात पाणी किंवा दूध घालू नका, फुप्फुसात जाईल. निदान दोन-तीन तास धीर धरा आणि मिशांकडे बघत राहा.

ताजी बातमी, दुपारी 12.40:
मिशी हलली! पन्नास मिनिटं ओंजळीत धरून बसले होते. आधी मिशीचं एक टोक थरथरलं, मला वाटलं माझाच हात हलला. मग मागच्या पायाची बोटं आखडली, आणि आता सगळं अंग कापतंय. सासरे स्वतः स्वयंपाकघरातून दुसरी बाटली भरून घेऊन आले. हे थरथरणं चांगलं की वाईट?

प्रतिसाद:
चांगलं. अंग स्वतःची ऊब तयार करतंय. पूर्ण जागा होऊन डोकं सावरायला लागला की चिमूटभर साखर घातलेलं पाणी थोडंसं, मग रोजचे दाणे. शहरात लहान प्राणी बघणारं कुणी मिळालं तर आजच दाखवा, कारण आजारी हॅमस्टरही असाच मलूल पडतो.

ताजी बातमी, संध्याकाळी:
लाडू पाणी प्यायला, सूर्यफुलाचे तीन दाणे गालात भरून कोपऱ्यात गेला. उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ मिळालीय. पिंजरा खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत, आमच्या पलंगाशेजारी ठेवलाय, कागद दुप्पट घातलाय. लेक म्हणतेय, रात्री त्याला माझ्या रजाईत घेते. चिरडला जाईल म्हणून नको म्हटलंय. आज रात्री पुन्हा लाईट गेली तर काय करू, एवढं सांगा.