हेडलाइटचं वितळलेलं सॉकेट बदलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या हॅचबॅकचा डावा लो बीम मधूनच जातो. बल्ब नवा टाकला तरी तेच. मागचं रबर काढून एच-फोर बल्बचं (लो आणि हाय बीम एकातच असलेला) तीन पिनांचं सॉकेट ओढलं, तर एका पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय आणि आतली क्लिप काळी पडून सैल झालीय. बल्ब 60/55 वॅटचाच आहे, म्हणजे 12 व्होल्टला जेमतेम 5 अँपिअर. एवढ्याने चांगला जोड तापायला नको. सैल क्लिपमुळेच रेझिस्टन्स वाढून उष्णता होत असणार.

बाजारात वायर जोडलेलं सिरॅमिक सॉकेट मिळतं. जोड सोल्डर करावा की क्रिंप (धातूची नळी दाबून बसवणं)? गाडीच्या थरथरीने सोल्डरपाशी कडक झालेली वायर तुटते, म्हणून माझा कल क्रिंप आणि वर हीट श्रिंककडे (तापवल्यावर आवळणारी नळी) आहे. कोणाचा असा जोड पावसाळ्यातही टिकलाय का?

दुसरं, दोन्ही बीमच्या सामायिक, म्हणजे कॉमन पिनेवर मल्टीमीटर अर्थऐवजी (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू) 12 व्होल्ट दाखवतोय. म्हणजे या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला आहे ना? हे नक्की कळल्याशिवाय मला वायर कापायची नाही. रात्री घाटातून जावं लागतं, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.