परदेशातल्या मुलांना घरचं सगळं सांगायचं का?

कारेलीबागची काकू
मुलगी हॅम्बुर्गला, मी आणि हे बडोद्यात. फोन रोज होतो. त्या फोनवर घरचं किती सांगावं यावरून परवा आमच्या भिशीत चांगलीच जुंपली, म्हणून विषय इथे काढते.

माझं मत असं की, ज्या गोष्टीवर मूल तिथे बसून काहीही करू शकत नाही, ती घडत असताना त्याला सांगू नये. निभावलं की सांगावी, हवी तर तिखटमीठ लावून सांगावी.

2024 च्या ऑगस्टचंच बघा. जन्माष्टमीला पाऊस लागला तो थांबेना, आजवा धरणाचं पाणी नदीत आलं, आणि 25 फुटांना धोका मानतात ती विश्वामित्री 35 च्या वर गेली. आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी. लाइट नाही, लिफ्ट नाही. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, प्यायचं पाणी भरलेलं, पिठलंभाताला कमी नव्हतं. मुलीला सांगितलं, 'पाऊस खूप आहे, आम्ही घरातच आहोत, बॅटरी वाचवतेय, उद्या बोलू.' यात एक अक्षर खोटं नाही. पार्किंग आणि पुरात नदीतून बाहेर आलेल्या मगरी एवढे दोन विषय वगळले. सांगितले असते तर तिने काय केलं असतं? इथे गाड्या रद्द, रस्ते बंद. तिने रात्रभर तिकिटं शोधली असती आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसला गेली असती. पाणी काही त्याने उतरलं नसतं.

आणि रोजचं जे मनात चालतं ते तर अजिबातच सांगू नये. माझ्या डोक्यात कायम दोन घड्याळं असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत साडेचार. भाजीवाला साडेदहाला हाक मारतो तेव्हा उन्हाळ्यात तिचे सात वाजलेले असतात, म्हणजे उठली असेल. डिसेंबरात तिच्याकडे दुपारी चारलाच अंधार पडतो, आणि मी इथे साडेआठला पानं वाढताना 'आता दिवे लावले असतील' म्हणते. खंडेराव मार्केटात कोवळी सुरती पापडी दिसली की हात आपोआप जास्त घेतो, मग आठवतं की खाणारी दोनच माणसं. तिच्या गावाचं तापमान माझ्या मोबाइलवर पहिलं दिसतं, बडोद्याचं त्याच्या खाली. हे सगळं तिला ऐकवलं तर ती प्रेमाने ऐकेल, आणि पुढच्या वेळी 'मी आठ दिवस स्वयंपाकच केला नाही' हे मला सांगणार नाही.

तुमचं काय मत?

टोरांटोचा मांजलपूरकर
काकू, रागावू नका, पण मी तुमच्या मताच्या पूर्ण विरुद्ध आहे. मी 'त्या' मुलांपैकी एक.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली हे मला फॅमिली ग्रुपवर कळलं. मामेभावाने लिहिलं होतं, 'काकांना आता बरं आहे, डिस्चार्ज मिळाला.' आता बरं आहे म्हणजे आधी काय होतं? आईला विचारलं तर म्हणे, तुझ्या प्रोजेक्टची गडबड होती ना. त्या दिवसापासून आईच्या 'सगळं ठीक'ची किंमत शून्य झालीये. तिचा आवाज सर्दीने जरी बसला तरी मी शेजारच्या पटेलकाकांना फोन करतो. ते पण हल्ली जपून बोलतात, त्यांनाही आईने पढवलंय. तुम्ही एक काळजी वाचवता आणि त्या जागी कायमचा संशय देता.

आणि पुराचं म्हणाल तर 'काही करू शकत नाही' हेच मला मान्य नाही. तुमच्याकडे रात्र होती तेव्हा आमच्याकडे दुपार. तुमच्याकडे लाइट नाही, आमच्याकडे लॅपटॉप, नेट, सगळं. आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर आम्ही दहाबारा जण बसून कुठल्या सोसायटीत किती पाणी, कुठे दूध पोचतंय, कोणाकडे बोट आहे, याची यादी करत होतो. अकोट्यातल्या एका मित्राच्या आजीची डायलिसिसची पाळी होती. गाडीची सोय लावली ती मेलबर्नहून.

कारेलीबागची काकू
तुमच्या ग्रुपचं कौतुक आहे, मनापासून. पण तुम्ही दहाबारा जण होतात. माझी मुलगी तिथे एकटी आहे. बाकी आईच्या शब्दाची किंमत शून्य वगैरे लिहिण्याआधी एकदा तिच्या जागी उभं राहून बघा, एवढंच.

सयाजीगंजचे आजोबा
मी काकूंच्या बाजूने.

माझा धाकटा भाऊ साठच्या दशकात इंग्लंडला गेला. एअरमेलचं निळं पत्र पोचायला आठवडा, दहा दिवस. आमच्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्याला पत्र टाकलं. ते त्याच्या हाती पडेपर्यंत आई उठून पोळ्या लाटत होती, आणि तेही त्याच पत्राच्या तळाशी लिहिलेलं होतं, कारण पत्र मी मुळी पाच दिवसांनी पूर्ण केलं होतं. वाईट बातमी आणि तिचा शेवट एकाच पाकिटात जायचा. तार मात्र एकाच कारणासाठी यायची; पोस्टमन दारात दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मग तार उघडायची.

पूर्वी हे गाळणं पोस्टखातं आपोआप करत होतं. आता फोन क्षणात लागतो, म्हणून ती गाळणी आपल्या हातात धरावी लागते. त्यात लपवाछपवी कसली? आपल्या सयाजीराव महाराजांनी मुलं ऑक्सफर्ड, हार्वर्डला धाडली, तेव्हा राजवाड्यातलं रोजचं दुखलंखुपलं त्यांना कोण कळवत बसलं असेल?

न्यायमंदिराच्या मागे
आजोबा, महाराजांचं नाव काढलंत म्हणून बडोद्याचीच एक गोष्ट.

जानेवारी 1913 मध्ये तरुण आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. थोड्याच दिवसांत मुंबईहून तार, वडील फार आजारी. ते लगेच निघाले. चरित्रांत असं येतं की वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली, पण पोचले. 2 फेब्रुवारीला रामजी सकपाळ गेले. मुलाची भेट झाली ती तारेमुळे. त्याच वर्षी ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले.

आता समजा, घरच्यांनी काकूंचा नियम लावला असता. 'नवी नोकरी आहे, कशाला त्रास, बरं वाटलं की कळवू.' बरं वाटलंच नाही. तेव्हा काय?

काकूंच्या नियमातला घोटाळा हा आहे की निभावलं की सांगू म्हणणाऱ्याला आपलं निभावणार हे आधीच ठाऊक असावं लागतं. पुरात तुम्ही दुसऱ्या मजल्यावर होतात म्हणून तो नियम शोभला.

वाडीतली ताई
बडोदा ते मुंबई रेल्वेचा काळ वेगळा हो. माझा मुलगा अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, तिथे राहायला आणि काम करायला अडचण नाही, पण एकदा देशाबाहेर पडला की परत जाण्याआधी इथल्या वकिलातीत मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यायचा. तारीख कधी मिळेल ते देव जाणे. घरी कर्ज, बायको तिथे, मुलगी पहिलीत. मी 'छातीत दुखतं' म्हटलं तर तो विमानात बसेल, मला माहीत आहे त्याचा स्वभाव. ते दुखणं ॲसिडिटीचं निघालं तर? मी नाही सांगितलं. ॲसिडिटीच होती.

टोरांटोचा मांजलपूरकर
ताई, एकदा ॲसिडिटी निघाली. बाबांच्या वेळीही आई आधी ॲसिडिटीच म्हणत होती.

आणि 'तो विमानात बसेल' हे तुम्ही कसं ठरवता? त्याला पोरगी आहे, कर्ज आहे, ऑफिसात हाताखाली माणसं असतील. तिथले सगळे निर्णय तो घेतो. 'आई आजारी, जाऊ की थांबू' एवढा एकच निर्णय त्याला झेपणार नाही? मला तरी ते अपमानास्पद वाटतं.

वाडीतली ताई
अपमान काय! आई आहे मी त्याची.

निवृत्त वकील, रावपुरा
दोन्ही बाजूंनी भावनेचा पूर आलाय, म्हणून कागदाचं बोलतो.

पहिलं, शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. 'मुलगा परदेशी, सही कोण करणार' म्हणून ऑपरेशन लांबवणारी जोडपी मी पाहिली आहेत. मुलाच्या सहीची वाट बघू नका.

दुसरं, शुद्ध नसेल तेव्हाचं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ठरवलं की माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते, बरं होण्याची आशा नसताना नुसतं यंत्रावर ठेवायचं की नाही याबद्दलची. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी 2023 मध्ये कोर्टाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर भागतं. पण त्यात आपल्या वतीने कोणाला विचारायचं त्यांची नावं घालायची असतात आणि त्यांना प्रत द्यायची असते. म्हणजे काकू, मुलीचं नाव घालायचं असेल तर जगातली सगळ्यांत अवघड गोष्ट तिला तब्येत ठणठणीत असतानाच सांगावी लागणार. फोनवर, पापडीच्या गप्पांच्या मध्ये.

तिसरं, घर किंवा बँकेचं काम मुलांच्या वतीने करायचं असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून घ्या, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टँप ड्युटी भरा. कपाटात ठेवून विसरणारे खूप.

मुजमहुड्याची सासू
सगळे आईबाप काय लपवतात तेवढंच बोलताहेत. मुलं काय लपवतात ते?

माझ्या जावयाची अमेरिकेतली नोकरी गेली. एच-वन-बीवाल्याला नोकरी सुटली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळा. ते सगळे दिवस लेक माझ्याशी रोज हसून बोलली. लीलो चिवडो पाठव म्हणाली, मी पाठवला. नवी नोकरी लागल्यावर सांगितलं. मी इतकी चिडले की दोन दिवस फोन उचलला नाही. तर ती म्हणते, 'आई, तू तिथे बसून काय करणार होतीस?'

काकू, तुमचंच वाक्य. मला काय वाटलं ते सांगते. पैसे देता आले नसते, नोकरी देता आली नसती, पण चिवडा पाठवताना मी त्या पाकिटात अजून काहीतरी कोंबलं असतं. काय ते विचारू नका.

सयाजीगंजचे आजोबा
पण लेकीने ते दिवस तुम्हाला शांत झोपू दिलं, हेही मोजा की.

मुजमहुड्याची सासू
झोप मिळाली आजोबा. पण आता ती हसली की मला शंका येते. टोरांटोवाला म्हणतोय ते हेच.

कारेलीबागची काकू
सगळ्यांचं वाचलं. यांनाही वाचून दाखवलं, ते अर्थात तुमच्या बाजूचे निघाले.

न्यायमंदिरवाल्यांचा मुद्दा मला लागला. ऑपरेशन असेल, ॲडमिट व्हायचं असेल, तर त्याच दिवशी सांगणार, तिने यावं की न यावं ते ती बघेल. एवढं मान्य. वकीलसाहेबांचा कागदही करणार.

पूर मात्र नाही सांगणार. टोरांटोच्या भावाने कितीही बोटी जमवल्या तरी नाही. आणि दोन घड्याळांचं तर नाहीच नाही. ते माझं आहे. मुलीने तिथलं ऐकलंच पाहिजे असं नाही, आणि मी इथलं ओतलंच पाहिजे असंही नाही. सासूबाई, तुमच्या लेकीने हसून काढलेल्या दिवसांचा मला तर अभिमान वाटला असता.

टोरांटोचा मांजलपूरकर
काकू, पूर आम्ही तुमच्या आधी बघतो. त्या ऑगस्टमध्ये मगरींचे व्हिडिओ इथल्या गुजराती समाजाच्या ग्रुपवर तुमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरायच्या आत फिरत होते. तुमच्या मुलीने ते पाहिले नसतील असं वाटतं तुम्हाला? आणि मग आई म्हणते, 'घरातच आहोत.' तिने ते ऐकून 'बरं' म्हटलं असेल, ते तुम्हाला त्रास नको म्हणून.

कारेलीबागची काकू
तिने त्या दिवशी विचारलं होतं, 'आई, वर चढून बसलायत ना?' मी हो म्हटलं. आता म्हणताय तर विचारते तिला.

वकीलसाहेब, एक शंका. साक्षीदार दोन लागतात म्हणालात, ते शेजारचे चालतील का? हे म्हणताहेत की समोरच्या शाहकाकांना न्या. पण शाहकाकांचा मुलगा बर्लिनला आहे, आणि काकांच्या पोटात काही राहत नाही.

निवृत्त वकील, रावपुरा
चालतील. फक्त नोटरीकडे जायच्या आधी हॅम्बुर्गला फोन करा, परतल्यावर केलात तर उशीर होईल.