इंदूरमध्ये पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी कुणाकडे घ्यावी? अनुभव आणि सल्ला हवा आहे

शेवपोहे:
नमस्कार. विषय नाजूक आहे म्हणून वेगळा आयडी घेऊन लिहितेय, समजून घ्या.

वय ३६, राहणार राजेंद्रनगर, दिवसभर बैठं काम. बराच काळ योनीच्या तोंडाशी आग होते आणि आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. ॲक्टिवावरून विजयनगरपर्यंत गेलं की उतरल्यावर थोडा वेळ नीट उभंही राहवत नाही. संबंधांनंतर पुढचे दोन दिवस ठणका, त्यामुळे आता टाळाटाळच चालली आहे. लघवीला जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. सोनोग्राफी, युरिन कल्चर, स्वॅब सगळं नॉर्मल. बुरशीच्या गोळ्या आणि क्रीम इतक्यांदा झालंय की दवा बाजारातला मुलगा आता चिठ्ठी न बघताच काढून देतो. एका डॉक्टरबाईंनी तर "दुसरं मूल होऊ द्या, आपोआप जाईल" म्हणून बोळवण केली.

आत्ताच्या डॉक्टरांनी मात्र स्नायू तपासले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर म्हणतात ते) फार आवळलेले आहेत, फिजिओथेरपी घ्या म्हणाल्या. कुणाकडे, ते त्यांनाही सांगता येईना. इंदूरला हे कुणी करतं का? आतून तपासतात का? तांबी बसवलेली आहे, चालेल ना? आणि सासूबाईंना काय सांगू? "कंबर दुखत नाही तर फिजिओ कशाला" हा प्रश्न येणारच.

खडाष्टक:
यात एवढं काय आहे? केगेल करा, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम. रोज शंभर. बायकोला बाळंतपणानंतर सांगितले होते, महिनाभरात फरक पडला. यूट्यूबवर आहेत, पैसे कशाला घालवता.

निळीछत्री:
@खडाष्टक, कृपया नको. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला सांगताय तुम्ही.

शेवपोहे, तुझी लक्षणं वाचून वाटलं माझंच कुणीतरी लिहिलंय. मी पुण्याला असताना उपचार घेतले, आता परत इंदूरला आहे. आतून तपासणीची धास्ती मलाही होती, म्हणून पहिली भेट कशी झाली ते सविस्तर सांगते.

सुरुवातीचा बराच वेळ नुसतं बोलणं. दुखणं कधीपासून, बसल्यावर जास्त की चालल्यावर, पोट साफ होतं का, दिवसात लघवीला किती वेळा, घराबाहेर पडताना "उगाच एकदा जाऊन येते" ही सवय आहे का (होती!), बाळंतपणात टाके पडले होते का. मग कमरेच्या हाडांचं प्लास्टिकचं मॉडेल हातात देऊन कुठला स्नायू कुठून कुठे जातो ते दाखवलं. मग श्वास बघितला, मांड्या आणि नितंब बाहेरून दाबून बघितले. त्यानंतर विचारलं, आज आतून तपासू का, की पुढच्या वेळी? नाही म्हटलं तरी चालतं, मधेच थांबवलं तरी चालतं, हे दोनदा सांगितलं. ग्लोव्ह घातलेलं एकच बोट, भरपूर जेली, स्पेक्युलम (डॉक्टर आत बघायला घालतात ते उपकरण) वगैरे काही नाही. घड्याळातल्या आकड्यांप्रमाणे एकेक जागा हलकेच दाबत जातात आणि तुम्ही दहापैकी किती दुखतं ते सांगायचं. चारच्या आसपास बोट आलं आणि तीच कळ, अगदी तीच, मांडीत उतरली. मी चक्क हसले. इतकी वर्षं रिपोर्टात न सापडलेली वस्तू कुणाच्या तरी बोटाला सापडली होती.

त्या जागी बोट स्थिर ठेवून मला सावकाश श्वास घ्यायला लावला. हळूहळू कळ ओसरत जाते. सुरुवातीला आठवड्यातून एकदा जायचं, पुढे अंतर वाढत गेलं. दोन-तीन महिने धरूनच चाल. भेटीपेक्षा घरचा व्यायाम महत्त्वाचा, आणि तो कंटाळवाणा असतो.

बडोदेकर_फिजिओ:
मी याच क्षेत्रात आहे, बडोद्याला. थोडं लिहिते.

केगेल वाईट नाहीत. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी ते मांडले. खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, अशांना त्यांचा उपयोग होतो. खडाष्टक यांच्या पत्नींना गुण आला असेल, त्यात नवल नाही. इथे प्रश्न उलटा आहे. दिवसभर मूठ वळून ठेवली तर हात दुखणारच, तसं या स्नायूंचं झालंय. त्यांना आधी सोडायला शिकवावं लागतं. ताकदीचा व्यायाम द्यायचाच असेल तर तो नंतर.

सोडायचं कसं, तर श्वासापासून. श्वास आत घेताना छातीचा पडदा खाली सरकतो, त्याबरोबर ओटीपोटाचा तळही खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. म्हणून उताणं पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, पोटात सावकाश श्वास भरायचा आणि खालचा भाग आपसूक सैल होऊ द्यायचा. जोर लावून खाली ढकलायचं नाही. बरोबरीने बालासन करा. आणि पोट आत ओढून चालायची सवय असेल तर ती सोडा. हे आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकीला सांगावं लागतं.

तांबीमुळे तपासणी अडत नाही. पण विजेवर चालणारं मशीन लावणार असतील तर तांबी आहे हे आधी सांगा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही सांगा. अविवाहित मुली वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आतून तपासणी सक्तीची नाही, बाहेरूनही बरंच काम करता येतं.

बुरशीचं क्रीम स्वॅबशिवाय पुन्हा पुन्हा लावू नका, त्याने तिथली नाजूक त्वचा आणखी चिडते. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश बंद. नुसतं पाणी.

सुमावशी:
अगं बाळांनो, हे सगळं आमच्या वेळी कुणी बोललं असतं तर! मला पाळी गेल्यावर अशीच आग सुरू झाली. माझं कारण वेगळं निघालं, कोरडेपणाचं. डॉक्टरांनी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, त्याने आराम पडला. तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी आधी ते तपासून घ्यावं, सरळ व्यायामाला लागू नये. आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे.

सासूबाईंना सांग, माकडहाड दुखतं. तसं खोटंही नाही, ते स्नायू तिथेच तर चिकटलेले असतात.

शेवपोहे:
मावशी, माकडहाडाचं बेस्ट आहे, आजच वापरते.

@निळीछत्री, इंदूरचं काही सांग ना. आणि डायलेटर म्हणतात ते, योनीत घालायचे गुळगुळीत दांडे, लागतात का? ऑनलाइन फोटो बघूनच पोटात गोळा आला.

निळीछत्री:
नाव जाहीर लिहीत नाही, पण शोधायचं कसं ते सांगते. नुसतं "फिजिओ" शोधलंस तर गुडघे आणि मान बघणारेच सापडतील. एमपीटी (फिजिओथेरपीतली मास्टर्स) केलेली आणि त्यात स्त्रीरोग-प्रसूती हा विषय घेतलेली फिजिओ शोध. मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या स्त्रीरोग विभागात फोन करून विचार. एम.वाय. या सरकारी हॉस्पिटललाही स्त्रीरोगच्या ओपीडीतून फिजिओथेरपीकडे चिठ्ठी मागून बघ, गर्दीची तयारी ठेवून. भेटीआधी फोनवर सरळ विचारायचं: दुखणाऱ्या, आवळलेल्या पेल्विक फ्लोअरचे पेशंट बघता का? स्वतः हाताने तपासता का? खोली बंद असते की पडदा? न तपासता "केगेल आणि मशीन" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवायचा.

इथे नाहीच जमलं तर पहिली तपासणी मुंबईत करून ये. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. पुढच्या भेटी बऱ्याचजणी व्हिडिओ कॉलवर देतात.

डायलेटर सगळ्यांना लागत नाहीत. लागले तर सर्वात बारका करंगळीएवढा असतो, आणि घाई कुणी करत नाही. स्वतः मागवून सुरू करू नकोस मात्र.

बडोदेकर_फिजिओ:
+१. एक जोडते. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सुटलं पाहिजे. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या, कुंथू नका. आणि जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा येणं, लघवी अडणं, ताप, दुर्गंधी स्राव, गाठ लागणं, यातलं काहीही झालं तर फिजिओकडे नाही, डॉक्टरकडे.

खडाष्टक:
ठीक आहे, मला हा फरक माहीत नव्हता. पण मग बायकोने केगेल चालू ठेवावेत की नाही?

बडोदेकर_फिजिओ:
त्यांना दुखत नसेल आणि गुण येत असेल तर खुशाल. फक्त प्रत्येक वेळी आवळल्यानंतर पूर्ण सैल सोडायचं, आणि लघवी करताना मधेच धार अडवून सराव करायचा नाही.

शेवपोहे:
अपडेट. दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे रिसेप्शनवरच्या मुलीने "मॅडम मशीन है, पंद्रह मिनट लगता है" एवढंच सांगितलं, विषय संपला. दुसरीकडे फिजिओ स्वतः फोनवर आल्या, निळीछत्रीचे सगळे प्रश्न विचारले, एकदाही अडखळल्या नाहीत. खोली वेगळी आहे, दार आतून लागतं, पहिल्या भेटीत नवऱ्याला बरोबर आणलं तरी चालेल म्हणाल्या. पुढच्या बुधवारची वेळ मिळालीय. पण नेमकी तेव्हाच पाळी येणार. पुढे ढकलू का?

निळीछत्री:
ढकलू नकोस. फोन करून सांगून ठेव, आतून तपासणी त्या दिवशी राहू देतील. पहिल्या भेटीत बोलणं, श्वास, बाहेरची तपासणी एवढ्यातच वेळ जातो. सैल सलवार घालून जा आणि जुने रिपोर्ट घेऊन जा, क्रीमच्या चिठ्ठ्यांसकट.