नव्या टॉप लेव्हल डोमेनसाठी निवडीचे निकष कसे ठरवायचे? (.मराठी आणि .पैठणी)

मांजराकाठ (लातूर) – प्रश्न

नमस्कार मंडळी. नवे टॉप लेव्हल डोमेन (टीएलडी, म्हणजे वेबपत्त्याच्या शेवटचा .कॉम सारखा भाग) कुणाला द्यावे आणि कुणाला नाही, याचे निकष मांडणारे टिपण आमच्या अभ्यासगटाला करायचे आहे. नमुना म्हणून .मराठी आणि .पैठणी ही दोन काल्पनिक नावे धरली आहेत. कच्चा मसुदा असा: भाषेशी किंवा व्यवसायाशी बांधिलकी २५ गुण, तांत्रिक क्षमता २५, आर्थिक ताकद २५, लोकांचा पाठिंबा २५. ज्याची बेरीज जास्त, त्याला नाव. आयकॅनच्या (टीएलडी मंजूर करणाऱ्या जागतिक संस्थेच्या) पद्धतीशी ताडून पाहिले तर हे कुठे उसवते? आणि आपल्याकडची एखादी लहान संस्था निव्वळ पैशापायी बाद होऊ नये म्हणून काय करता येईल?

गोदावरी_रूट (नांदेड)

उसवते ते बेरजेतच. बांधिलकी २५, पाठिंबा २५, पैसा १५ आणि तांत्रिक बाजू ८ असा अर्ज ७३ वर जातो. सगळीकडे १७ मिळवणारा ६८ वर अडकतो. म्हणजे ज्याला सर्व्हर सांभाळता येत नाहीत त्यालाच नाव मिळणार. टीएलडी बंद पडले की त्याखालची प्रत्येक वेबसाइट आणि प्रत्येक ईमेल पत्ता बंद पडतो, तिथे भाषेवरचे प्रेम उपयोगी येत नाही.

म्हणून दोन चाळण्या ठेवा. पहिलीत फक्त पास किंवा नापास. एकाच नावासाठी दोन-तीन अर्ज पास झाले तरच दुसरी, तुलनेची चाळणी.

हा धडा महागात शिकलेला आहे. २००० सालच्या फेरीत आयकॅनने सरळ तुलना केली होती. शुल्क ५०,००० डॉलर, अर्ज चाळीसच्या वर आणि निवडली सात नावे: .बिझ, .इन्फो, .नेम, .प्रो, .एरो, .कूप, .म्युझियम. निकष कागदावर होते (इंटरनेटचे स्थैर्य, स्पर्धा वगैरे), पण कशाला किती वजन हे आधी ठरलेले नव्हते. नाकारलेल्यांना 'नेमके कुठे कमी पडलो' याचे उत्तर मिळेना, आणि या प्रकाराला लोक सौंदर्यस्पर्धा म्हणू लागले. २०१२ च्या फेरीत पद्धत बदलली. नियमपुस्तिका आधी छापली, किमान पातळी ठरवली, ती गाठणारा प्रत्येक अर्ज पुढे. शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले.

आता 'तांत्रिक क्षमता' या ओळीकडे या. 'अर्जदार सक्षम असावा' हा निकष नव्हे, ती सदिच्छा झाली. तपासणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता येईल असे लिहा. नेमसर्व्हर (नावावरून वेबसाइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर) किमान दोन आणि वेगवेगळ्या नेटवर्कवर. डीएनएसेक (त्या उत्तरांवरची खरेपणाची डिजिटल सही) चालू. आयपीव्ही६ (इंटरनेटची नवी पत्तापद्धत) चालू. नोंदणीचा डेटा नियमितपणे तिऱ्हाईत संस्थेकडे ठेव म्हणून जमा. सेवा किती वेळ बंद राहिलेली चालेल, तेही आकड्यात हवे. आयकॅनच्या करारात आणीबाणीची रेषा अशी आहे: डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) आठवड्यात एकूण ४ तास बंद राहिले, किंवा नोंदणी यंत्रणा (ईपीपी) २४ तास बंद राहिली, की व्यवस्था काढून आयकॅनने आधीच नेमलेल्या राखीव चालकाकडे देता येते. लातुरात रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तरी या घड्याळावर परिणाम होता कामा नये. सर्व्हर जगभर विखुरलेले असतील तर होतही नाही. तेव्हा कार्यालय कुठे आहे हे विचारूच नका, नेमसर्व्हर कुठे कुठे आहेत ते विचारा.

सूत_धागा (पैठण)

'लोकांचा पाठिंबा' या २५ गुणांबद्दल. पाठिंब्याची पत्रे गोळा करणे सगळ्यात सोपे काम आहे, लेटरहेड आणि शिक्का मिळाला की झाले. आयकॅनने २०१२ मध्ये समुदायाच्या अर्जांसाठी १६ गुणांची वेगळी कसोटी ठेवली होती आणि पास व्हायला १४ लागत. चार भाग, प्रत्येकी ४ गुण: समुदाय खरोखर आहे का, नावाचा त्याच्याशी संबंध किती घट्ट, नोंदणीचे नियम काय, पाठिंबा आणि विरोध किती.

.पैठणी त्यात घालून बघा. समुदाय आधीपासून संघटित हवा, केवळ अर्जासाठी उभा केलेला नको. २०१२ ला त्यासाठी सप्टेंबर २००७ ही सीमारेषा होती. नावाशी संबंध चांगला आहे, त्या शब्दाला दुसरा मोठा अर्थ नाही. मग मोठी अडचण. पैठणी पैठणात विणतात तशी येवल्यातही विणतात, आणि येवला नाशिक जिल्ह्यात, मराठवाड्याच्या बाहेर. पैठणच्या संस्थेने एकटीने अर्ज केला आणि येवल्याच्या विणकरांनी हरकत घेतली, तर शेवटच्या भागातले विरोधाचे २ गुण धोक्यात. पाठिंब्याचेही २ पूर्ण मिळणार नाहीत, कारण तुम्ही समुदायाच्या एका भागाचेच प्रतिनिधी ठरता. शिवाय समुदायाची रेषा 'मराठवाड्यातले विणकर' अशी आखली तर नाव समुदायापेक्षा मोठे होते, आणि दुसऱ्या भागातले गुणही जातात. १४ ची रेषा गाठायला एकूण दोनच गुण गमावता येतात. २०१२ च्या फेरीत .इको आणि .रेडिओ या कसोटीत पास झाले; .म्युझिक आणि .गे यांचे समुदाय-अर्ज १० गुणांवर अडकले.

तेव्हा तुमच्या निकषात पाठिंबा मोजण्याआधी समुदायाची व्याख्या मागा. आणि नोंदणीचे नियम: .पैठणी खाली नाव कुणाला? भौगोलिक निर्देशांक (जीआय) वापरण्याचा अधिकार असलेल्यालाच, की यंत्रमागावरची 'पैठणी प्रिंट' विकणाऱ्यालाही? हे अर्जातच लिहून घ्या, करारात बांधा आणि मोडल्यास नाव कोण, किती दिवसांत काढणार तेही. .वाइन आणि .व्हिन या नावांवर युरोपातले देश अडून बसले होते ते याच मुद्द्यावर.

काना_मात्रा (परभणी)

मसुद्यात नावाचीच तपासणी नाही! अर्जदार कितीही चांगला असो, नाव रूटमध्ये (सगळ्या टीएलडींच्या मूळ यादीत) बसले पाहिजे.

देवनागरीसाठी थोडक्यात: अंक चालत नाहीत. अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) रूटमध्ये चालत नाही. त्यामुळे .वऱ्हाड सारखे नाव मागणाऱ्याने ते कोणत्या कळांनी टाइप केले हे तपासावेच लागेल. र, हलन्त आणि जोडचिन्ह अशी जुळणी असेल तर अर्ज तिथेच थांबेल. प्रत्यक्ष रूटमध्ये जाते ते 'एक्सएन--' ने सुरू होणारे रोमन रूप, आणि ते ६३ अक्षरांच्या आत हवे.

दुसरे म्हणजे सारखेपणा. .मराठी एकाला आणि .मराठि दुसऱ्याला दिले तर फसवणूक करणाऱ्याचेच फावेल. २०१२ च्या फेरीत .कार आणि .कार्स दोन्ही मंजूर झाली. पुढच्या, म्हणजे २०२६ च्या, फेरीच्या नियमांत एकाच भाषेतले एकवचन-अनेकवचन सोबत देण्यास मनाई आहे. मराठीसाठी ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या त्यात स्पष्ट लिहा.

आणि .भारत आधीच आहे. २०१४ पासून देवनागरीतली ती नोंदणी मराठीसह अनेक भाषांना खुली आहे. मग .मराठी कशाला, हे अर्जदाराला विचारलेच पाहिजे. चांगले उत्तर कसे असते ते .कॅट मध्ये बघा. २००५ मध्ये ते मंजूर झाले ते कॅटलान भाषा आणि संस्कृतीसाठी, प्रदेशासाठी नव्हे. नाव घेणाऱ्याने त्या भाषेतला मजकूर किंवा तिच्यासाठीचे काम दाखवायचे. .मराठी ला हेच लागू केले तर इंदूर-बडोद्याचे मराठी लोकही आपोआप आत येतात.

बालाघाट (बीड)

भूगोल राहिला. रोमन लिपीतले महाराष्ट्र हे नाव आयएसओ ३१६६-२ या राज्य-प्रांतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, म्हणून त्याला सरकारचे पाठिंब्याचे किंवा ना-हरकतीचे पत्र लागते. .लातूर शहरासाठी वापरणार असे अर्जात म्हटले, तर तिथेही पत्र. मराठवाडा मात्र त्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे मोकळे रान, असे समजू नका. दक्षिण अमेरिकेतला पॅटागोनिया प्रदेशही यादीत नव्हता. अर्जेंटिना आणि चिलीने विरोध केला आणि त्याच नावाच्या कपडे बनवणाऱ्या कंपनीला २०१३ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. उलट .टाटा सारखे घराण्याचे नाव मोरोक्कोच्या टाटा प्रांतामुळे रखडले होते. म्हणून निकष असा लिहा: नाव कोणत्याही प्रदेशाचे म्हणून ओळखले जात असेल, तर यादीत असो-नसो, पत्र अर्जासोबतच.

आता पैसा. दादा, 'आर्थिक ताकद २५ गुण' हे काढून टाका. त्यात श्रीमंत अर्जदार उगाच वर जातो. विचारायचे एवढेच: धंदा बुडाला तर नोंदणी चालू कशी राहील? २०१२ मध्ये अर्जदाराला मूलभूत सेवा तीन वर्षे चालतील एवढ्या रकमेची बँक हमी द्यावी लागे. .वेड वर २०१७ मध्ये खरेच बंद पडायची वेळ आली, तेव्हा राखीव चालकाने ते ताब्यात घेतले.

लहान संस्थेसाठी दोन वाटा. २०२६ च्या फेरीचे शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे दोन कोटींच्या आसपास. अर्जदार साहाय्य योजनेत त्यात ७५ ते ८५ टक्के सूट ठेवली आहे, पण त्यासाठीचा अर्ज मुख्य खिडकीच्या (अर्ज घेण्याच्या मुदतीच्या) आधी करायचा होता. मुख्य खिडकी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६. २०१२ मध्ये अशी मदत फक्त तिघांनी मागितली, एकाला मिळाली. योजना होती पण गरजू संस्थांपर्यंत पोहोचलीच नाही. तुमच्या टिपणात सवलतीबरोबर ती स्थानिक भाषेत किती महिने आधी जाहीर करायची, हेही घाला. दुसरी वाट: सर्व्हर स्वतः उभे न करता आधीच तपासून मान्य झालेला तांत्रिक सेवादार घेणे. पुढच्या फेरीत सेवादारांची तपासणी वेगळी होते, त्यामुळे प्रत्येक अर्जदाराची तांत्रिक परीक्षा पुन्हा नाही.

मांजराकाठ (लातूर)

खूप आभार. बेरीज काढली, दोन चाळण्या केल्या. पण .मराठी साठी दोन्ही अर्ज पास झाले, दोघांचाही समुदाय खरा, तर?

गोदावरी_रूट (नांदेड)

आयकॅनकडे मग शेवटी लिलाव. .वेब २०१६ मध्ये १३.५ कोटी डॉलरला गेले, त्यावरून मोजा. आपसात खाजगी लिलाव करून हरणाऱ्याने पैसे घेऊन जायचे, हा प्रकार पुढच्या फेरीत बंद केला आहे. भाषेच्या नावाला लिलाव लावूच नका. दोघांना ठरावीक मुदत द्या, समजा १२० दिवस, एकत्र अर्ज करायला. न जमल्यास नोंदणीचे नियम आणि ते मोडल्यावरची कारवाई, एवढ्या दोनच मुद्द्यांवर तुलना. गुणांचे वजन अर्ज मागवण्याआधी छापलेले. तरीही बरोबरी झाली तर त्या फेरीत नाव कुणालाच नाही.